अणुकाका आणि वाकड्या चोचीचा मोर

रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती सकाळी माणसं भराभर चालताना दिसली, तर सगळ्यांनाच डॉक्टरांनी सांगितलंय असं समजू नये. त्यातली निम्मी नरहरी पात्रीकरांपासून पळत असतात.

नरहरीभाऊ म्हणजे माणूस लाख मोलाचा. रेल्वेच्या मालधक्क्याच्या ऑफिसात उभा जन्म गेला, कधी कुणाला वाकडा शब्द नाही. कुणाकडे मयत झाली की पहिले हजर. फक्त खांदा देता देता शेजारच्याला हळूच विचारायचे, "काय हो, पहिला वार आपण करायचा नाही हे आपलं धोरण झालं. पण समोरच्याचं काय?" शेजारचा बिचारा खांदा बदलून पलीकडे जायचा.

अणुबॉम्ब हा त्यांचा विषय. म्हणजे बॉम्ब कसा करतात ते नाही. घरातला मिक्सर बिघडला तर तो त्यांना उघडता येत नाही. बॉम्ब असूनही तो का टाकत नाहीत, हा विषय. पुलगावला लष्कराच्या दारूगोळा कोठाराच्या तारेजवळ त्यांचं लहानपण गेलं. त्या तारेपलीकडे काय आहे ते कधी दिसलं नाही, पण नुसतं ते आहे म्हणून अख्खं गाव तारेपासून चार हात लांबून चालायचं. न फुटता माणसाला वळण लावणारी ही काय चीज आहे, हे कोडं जे तेव्हा डोक्यात शिरलं, ते बाहेर आलंच नाही. अठ्ठ्याण्णव साली पोखरणला स्फोट झाले आणि मग तर विचारूच नका. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा समोर आला की हे त्याला 'किमान विश्वासार्ह धाक' म्हणजे काय ते सांगायला लागायचे. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरांनी त्यांचं नाव अणुकाका ठेवलं. भाऊंना वाटायचं, पोरं मान देऊन राहिली.

पण एक सल होती. इतकी वर्षं बोलले, एकानंही पूर्ण ऐकलं नव्हतं. कुणाचं दूध उतू जायचं, कुणाचा फोन वाजायचा. मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेसाठी ते दर वर्षी हात वर करायचे, आणि सचिव हरिदास दर वर्षी मधुमेहावरचा डॉक्टर नाही तर शेअर बाजारवाला आणायचा.

यंदा मात्र डिसेंबरात तलावाच्या कठड्याशी भाऊंनी हरिदासला गाठलाच. हरिदासच्या बुटाची नाडी सुटली होती, पळता आलं नाही.

"हरिदास, पाच फेब्रुवारीला काय आहे माहीत आहे?"

"कुणाची मुंज आहे काय?"

"अरे, अमेरिका आणि रशियातला शेवटचा करार संपून राहिला! कुणी किती अण्वस्त्रं रोखून ठेवायची त्यावर तेवढा एकच लगाम उरला होता. मी त्याच्या आधी बोललो पाहिजे. बावीस जानेवारी दे मले. त्या दिवशी अण्वस्त्रबंदीचा करार लागू झाला होता."

"त्या करारावर आपण सही केली?"

"नाही."

"मग दुसऱ्याच्या घरच्या बारशाला तुम्ही काहून पेढे वाटून राहिले?" हरिदास नाडी बांधता बांधता म्हणाला. "आणि भैया, लोक येतील का? हॉल भरला नाही तर?"

इथे नरहरीभाऊंना अवदसा आठवली. भोवती फिरणारी सगळी मंडळी थांबून ऐकत होती, आणि इतक्या माणसांनी आपलं ऐकायची त्यांना सवय नव्हती. हात उंचावून ते म्हणाले, "हॉल भरला नाही, तर या तोंडातून पुन्हा जन्मात अणू हा शब्द निघणार नाही. पंगतीत नाही, तलावावर नाही, घरी पण नाही!"

हरिदासनं तो उंचावलेला हात हवेतच धरला आणि जोरजोरात हलवला. "बावीस जानेवारी पक्की!"

बातमी तलावाला एक फेरी मारून भाऊंच्या आधी पाऱ्यात पोचली. त्या दिवशी कित्येक घरांत गोड झालं म्हणतात. नवा रायपूरला मंत्रालयात जाणाऱ्या एकानं तर बावीसची संध्याकाळ मोकळी नाही असं महिनाभर आधी जाहीर करून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाला, ते अजून ठरायचं आहे.

भाऊ घरी आले तेव्हा इंदूताई तीळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी तारीख ऐकली आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"बावीसला माझं हळदीकुंकू आहे."

"तेवीसला कर."

"तेवीसला गोदावरीताईंकडे आहे, चोवीसला तिघींकडे. यंदा रथसप्तमी पंचवीसलाच. तुमच्या त्या करारवाल्यांनी पंचांग नव्हतं पाहिलं काय? पाऱ्यातल्या सगळ्या बायका बावीसला माझ्याकडे, आणि त्यांचे नवरे स्कूटर घेऊन खाली उभे. तुमच्या हॉलमध्ये कोण येणार, खुर्च्या?"

जगातल्या झाडून साऱ्या करारांच्या तारखा पाठ असलेल्या माणसाला आपल्याच घरचा संक्रांतीचा मोसम आठवला नव्हता. त्यांची नात श्रावणी कोपऱ्यात मोबाइलवर होती. ती मान वर न करता म्हणाली, "आबा, मतलब बाईस के बाद घर में शांती? सच्ची में?"

"गप्प बस, पोट्टे," इंदूताई म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"इंदू," भाऊंनी आवाज खाली आणला, "मी अजून मोराबद्दल कुणाशी बोललो नाही."

"आणि मी कापसाबद्दल," इंदूताई म्हणाल्या. "अजून."

झालं. इंदूताईंनी तिळाचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. हे कळायला त्या घरातली शस्त्रं माहीत हवीत.

इंदूताईंकडे कापूस होता. म्हणजे असं की सगळ्या जगाचे बॉम्ब जिभेवर नाचवणारे हे गृहस्थ दिवाळीत कानांत कापूस घालून देवघरात दार लावून बसतात. लवंगी फटाक्याला सुद्धा दचकतात. त्यासाठी अत्तराच्या जुन्या डबीत कापूस बारा महिने तयार. पाऱ्याला वाटायचं, भाऊ लक्ष्मीपूजनाला ध्यान लावतात.

आणि नरहरीभाऊंकडे मोर होता. काही वर्षांपूर्वी गोदावरीताईंनी हळदीकुंकवाला इंदूताईंच्या हातात पितळेचं मोराचं निरांजन ठेवलं. बाकीच्या बायकांना चाळणी आणि हिलाच मोर. "इंदे, तुझ्यासाठी खास आणला हो," असं वर चारचौघींत म्हणाल्या. मोराची चोच किंचित वाकडी होती. पुढच्या वर्षी इंदूताईंकडे ऐन वेळी एक वाण कमी पडलं, आणि हरिदासची बायको भावना तर दारात उभी. इंदूताईंनी कपाटात हात घातला, हाताला मोर लागला, तोच चिंधीनं पुसून दिला. खास म्हणून दिलेली वस्तू परक्या ओटीत घातली! गोदावरीताईंना कळलं असतं तर उभ्या जन्माची मैत्रीण गेली असती. कपाटाआडून हे पाहणारा एकच साक्षीदार, तो म्हणजे नवरा.

म्हणून त्या घरात कधी मोठं भांडण झालं नाही. दोघांनाही ठाऊक होतं की एकानं तोंड उघडलं की दुसराही उघडणार. भाऊ म्हणायचे, यालाच धाक म्हणतात, इंदू, आणि तो फक्त न वापरण्यापुरताच कामाचा.

जानेवारी लागला तशी भाऊंनी आवाज जपायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ हळदीच्या पाण्याच्या गुळण्या, बाकी मौन. काही हवं असलं तर खुणेनं. इंदूताईंना पहिल्या दिवशी माहेरी गेल्यासारखं वाटलं. दुपारी त्या गोदावरीताईंकडे चहाला गेल्या, तेव्हा गोदावरीताई म्हणाल्या, "इंदे, कशाला काळजी करतेस? पडू दे भाषण. आयती शांती चालून येऊन राहिली. मले असं नशीब मिळालं असतं तर मी सोळा सोमवार केले असते."

"हव ना," इंदूताई म्हणाल्या.

पण पुढे गंमत झाली. दुसऱ्या दिवशी घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. तो असा घरघरतो हे इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. मग वरच्या मजल्यावरच्यांची भांडणं. मग भिंतीवरचं घड्याळ. भाजी चिरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणीतरी काहीतरी म्हणेल याची वाट पाहतोय. एकदा टीव्हीवर क्षेपणास्त्राच्या चाचणीची बातमी लागली. इंदूताईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. भाऊंनी डोळे मोठे केले, तोंड उघडलं, आणि आठवण येऊन पुन्हा मिटलं. गळ्याला मफलर गुंडाळून माणूस खिडकीशी जाऊन बसला. भांडी घासायला येणारी मीरा शेवटी न राहवून म्हणाली, "दीदी, भैया बीमार हैं क्या? आज बम का कुछ बताया नहीं।"

"तब्येत ठीक आहे," इंदूताई म्हणाल्या, आणि उगाचच तिलाच सांगायला लागल्या की क्षेपणास्त्र पाणबुडीतून सोडायचं कारण काय, की समोरच्यानं पहिला वार केला तरी आपलं उत्तर पाण्याखाली शाबूत राहतं. सांगता सांगता त्या थबकल्या. हे सगळं आपल्याला येतं कुठून? म्हणजे इतकी वर्षं आपण ऐकत होतो की काय! मीरानं मात्र ताट तसंच हातात धरून सगळं ऐकलं होतं.

बावीस तारीख उजाडली. भाऊ दुपारीच इस्त्रीचा कोट घालून हॉलवर गेले. ठरलेल्या वेळेला हॉलमध्ये माईकवाला, चौकीदार आणि हरिदास. हरिदास पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता, तोंडावर असं दुःख की आत हसू मावत नसावं.

"सुरू करा, भैया. की थांबायचं आणखी थोडं? मी म्हणतो, थांबून तरी काय होणार?"

भाऊंनी खुर्च्यांकडे पाहिलं. कोऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रांगेनं, नीट. मफलर त्यांनी सोडवला आणि घडी घालून खिशात ठेवला. आता तो लागणार नव्हता.

तेवढ्यात बाहेर ऑटोंची आणि स्कूटरींची रांग लागली.

दारातून आधी आल्या इंदूताई, काळी चंद्रकळा, नाकात नथ, काखेत तिळगुळाचा डबा. मागून गोदावरीताई. त्यांच्या मागून पाऱ्यातली, तेलीबांध्याची, पार शहराबाहेरच्या उरला वसाहतीची मराठी बायकामंडळी, सगळ्या काळ्या साड्यांत, हलव्याचे दागिने घातलेल्या नव्या सुनांसकट. इंदूताईंनी आदल्या दिवशी घरोघर फोन लावले होते: जागा बदलली, घरी नाही, मंडळाच्या हॉलमध्ये, आणि वाण मिळेल ते भाषण संपल्यावर, दारात. बायका आत आल्या तसे स्कूटरवाले नवरेही थंडीत कुठे उभं राहायचं म्हणून आत आले. महिनाभर आधी संध्याकाळ मोकळी नसलेला मंत्रालयवाला तोंड लपवत मागच्या रांगेत शिरला. खुर्च्या संपल्या. हरिदासला आपली खुर्ची एका म्हाताऱ्या आजींना द्यावी लागली.

"इंदे, अजूनही वेळ आहे," गोदावरीताई बसता बसता कुजबुजल्या. "वाण दे आणि घरी चल."

"आधी ऐका," इंदूताई म्हणाल्या.

नरहरीभाऊ बोलायला उभे राहिले आणि काय सांगावं, इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम दारात अडकलं. कलमं, उपकलमं, परिशिष्टं! प्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमाशी येईतो तिसऱ्या रांगेत पैठणी आणि चंद्रकळेच्या भावाची चर्चा सुरू झाली. एक बाळ रडायला लागलं. हरिदास भिंतीला टेकून घड्याळ पाहत होता. माणसं आहेत, पण ऐकतंय कोण?

"भाऊजी!" गोदावरीताई मोठ्यानं म्हणाल्या. "साध्या भाषेत सांगा ना. तो प्रसार प्रसार म्हणजे काय?"

भाऊंनी घाम पुसला. साध्या भाषेत. हाताशी काय आहे? समोर हळदीकुंकू आहे, वाण आहे. त्यांचा चेहरा उजळला.

"सोपं आहे. समजा, एक मोर आहे."

इंदूताईंच्या हातातलं अत्तरदाणीचं झाकण खाली पडलं.

"पितळेचा मोर," भाऊ रंगात आले होते, "निरांजनाचा. चोच जराशी वाकडी. तो एकीनं दुसरीला खास म्हणून दिला. आता तो तिनं जपून ठेवावा, पुढे कुणाला देऊ नये, अशी अट. याला म्हणायचं प्रसारबंदी. पण कपाट उघडून पाहायला कुणी येतं का? नाही. मग पुढच्या वर्षी ऐन वेळी वाण कमी पडलं, तिसरी बाई दारात आली, की तोच मोर पुसून..."

भाऊ थांबले. समोर इंदूताईंचा चेहरा दिसला होता.

"अहो," इंदूताई उठून उभ्या राहिल्या. आवाज अगदी शांत. "पुढचं मी सांगते. हे गृहस्थ दिवाळीत ध्यान लावत नाहीत. कानांत कापूस घालून देवघरात लपतात. लवंगी फटाक्याला भितात. डबी आत्ता पण कोटाच्या खिशात आहे!"

हॉलमध्ये हशा कोसळला. मागच्या रांगेतले पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. आणि नरहरीभाऊ? ते व्यासपीठावर अक्षरशः उड्या मारत होते.

"हे पाहा! हे पाहा! प्रत्युत्तर! पहिला वार माझ्याकडून चुकून झाला, चुकून, आणि लगेच प्रत्युत्तर! माझं धोरण पहिला वापर नाही असंच होतं, तरी झाला! जगात भीती आहे ती याचीच आहे, बाप्पा! मुद्दाम कुणी टाकणार नाही, बोलता बोलता टाकतील!"

आता मात्र सगळ्या खुर्च्या पुढे सरकल्या. पण इंदूताईंचे डोळे फक्त गोदावरीताईंवर होते. गोदावरीताईंनी हळूच पदर सावरला.

"इंदे, तो मोर मी तुझ्यासाठी खास आणला, असं म्हणाले होते ना?"

"हो ताई. माझं चुकलं."

"तो मी आणलाच नव्हता. मले वाणात आला होता. चाळण्या संपल्या म्हणून तुले दिला आणि खास म्हणून ठोकून दिलं." मग त्या गर्रकन वळल्या. "मले भावनानं दिला होता!"

भावनाचा चेहरा पांढरा पडला. "आणि मग इंदूकाकूंकडून माझ्याकडेच परत आला," ती पुटपुटली. "मी ओळखला होता चोचीवरून. पण बोलले असते तर..."

"थांब!" भिंतीपासून हरिदास ओरडला. "वाकड्या चोचीचा मोर? तो माझा मोर आहे! मंडळानं मले सत्कारात दिला होता! तू तर म्हणाली होतीस तो चोरीला गेला! आपल्या गल्लीतही पहारा याचाच, मी या चौकीदाराला किती बोललो!"

दाराशी उभा चौकीदार दोन पावलं पुढे आला. भावना म्हणाली, "धूळ खात पडला होता तो. आणि परत आला तेव्हा घरात ठेवता येईना, चोरीला गेलेला ना! म्हणून दुर्गच्या नणंदेला दिला."

"सीमेपलीकडे गेला!" नरहरीभाऊंनी आनंदानं टाळी वाजवली. "याला म्हणतात प्रसार! आता दुर्गहून कुठे गेला हे कुणीही सांगू शकत नाही!"

मग जे सुरू झालं त्याला भाषण म्हणायचं की जत्रा, देव जाणे. एक म्हणाली, मागच्या वर्षीचा डबा तुझ्याकडूनच आला होता. दुसरी म्हणाली, तो मी हिच्याकडून घेतला होता. कळलं ते एवढंच की सगळ्यांकडे तेच होतं आणि सगळ्या एकमेकींच्या धाकानं गप्प होत्या. गोदावरीताई इंदूताईंच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, नथ वाकडी झाली तरी सावरायची शुद्ध नव्हती. हसता हसता त्यांनीच करार मांडला: पुढच्या वर्षीपासून वाण खायचं. तिळाचा लाडू, समोसा, काय हवं ते, पण हॉलच्या बाहेर न्यायचं नाही.

"तोंड उघडून दाखवायचं," मागून एक पुरुष ओरडला, "गिळला की नाही!"

"पडताळणी!" नरहरीभाऊ हर्षानं किंचाळले. "जगाला हीच जमली नाही हो! कपाट उघडू द्यायला कुणी तयार नाही, म्हणून तर पाच फेब्रुवारीला..."

आणि त्यांनी सांगितलं. पाच फेब्रुवारीचं, दोन मोठ्या कपाटांचं, न उघडणाऱ्या दारांचं. कुणाचं दूध उतू गेलं नाही. बाळ झोपलं होतं. फोन वाजला तो माईकवाल्याचा, तर गोदावरीताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो बंदच करून टाकला.

शेवटी दारात तिळगूळ आणि वाण झाल्यावर हरिदास पडलेल्या चेहऱ्यानं भाऊंपाशी आला. "भरला हॉल, भैया. बोला आता जन्मभर." मग भावनाकडे पाहून, "आणि तू चल घरी, दुर्गला फोन लावायचा आहे."

परतीच्या ऑटोत इंदूताई नवऱ्याशेजारी बसल्या. श्रावणी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. तलावावरून वारा येत होता. भाऊंनी घसा खाकरला.

"इंदू, तू मले हॉल भरून दिला. आता मी सांगतो, चीनचं काय आहे..."

"आबा, फिर से!" श्रावणी विव्हळली.

इंदूताईंनी भाऊंच्या कोटाच्या खिशात हात घातला, अत्तराची डबी काढली, कापसाचा बोळा केला आणि शांतपणे कानात घातला.

रस्त्याच्या बाजूच्या कानात. भाऊंच्या बाजूचा उघडाच ठेवला.